नियमात न बसणारे फोन

बाहेरच्या जगाशी संबंध ठेवणे कोणत्याही कार्यालयाला पूर्णपणे टाळता येत नाही. त्याला शिस्त मात्र लावता येते. म्हणून नवी फोनयंत्रणा बसली तेव्हा बाहेर जाणारा कोणता फोन कोणत्या लाइनने सोडायचा, हे ठरवण्याचे काम हेडक्लार्कांकडे आले. गावातला पहिल्या लाइनने, परगावचा दुसरीने, असे त्यांनी ठरवून दिले. फक्त नंबर मंजूर यादीतला हवा. (यादी अजून मंजूर होऊन यायची होती.)

"आणि यात न बसणारे फोन कुठे पाठवू?" फोनवाल्याने विचारले.

"माझ्याकडे पाठव. मी बघतो," हेडक्लार्क म्हणाले. नोकरीभर ते हेच म्हणत आले होते.

दुसऱ्या दिवसापासून कार्यालयातून बाहेर केलेला प्रत्येक फोन त्यांच्याच टेबलावर वाजू लागला. सुरुवातीला त्यांनी 'राँग नंबर' असे म्हणून पाहिले, पण लोक चिवट. आणि हेडक्लार्क मुळात भिडस्त. शेवटी ते उत्तरे देऊ लागले. प्लंबर म्हणून त्यांनी 'उद्या नक्की येतो' असे सांगितले. (खराही हेच सांगतो.) हिशेब विभागातल्या बाईंच्या सासूबाई म्हणून त्यांनी भाजीत मीठ बेताने घालायला सुचवले. "आवाज बसलाय का हो तुमचा? काढा करून देते," असे बाई म्हणाल्या, तेव्हा हेडक्लार्कांना भरून आले. त्यांच्या स्वतःच्या सुनेने इतकी विचारपूस कधी केली नव्हती.

मग एके दिवशी साहेबांनी मुख्य कार्यालयाला फोन लावला.

"आमच्या हेडक्लार्कची बदली करता येईल का? प्रत्येक गोष्टीत नाक खुपसतो."

माणूस म्हणून हेडक्लार्कांना वाईट वाटले. मुख्य कार्यालय म्हणून मुद्दा पटला.

"लेखी पाठवा," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले.

साहेबांना लिहिण्याचा कंटाळा, त्यामुळे बदली टळली. तरी आपली बाजू मांडावी म्हणून हेडक्लार्कांनी स्वतः मुख्य कार्यालयाचा नंबर फिरवला. एंगेज. दुपारीही एंगेज. वरच्या लोकांवर कामाचा केवढा बोजा असतो हे पाहून त्यांचा राग निवळला.

वर्षअखेरच्या पाहणीत शंभर टक्के कर्मचाऱ्यांनी 'बाहेरचे लोक अलीकडे फार समंजस झाले आहेत' असे मत नोंदवले. बाहेरच्या लोकांचीही तक्रार नाही. 'आम्ही फोन करून कळवू' असे कार्यालयाने त्यांना सांगून ठेवले आहे, आणि ते वाट पाहत आहेत.

तुम्हालाही सांगितले असेलच. फोनजवळच बसून राहा.