पातेल्यात न मावलेले जव

"आज संध्याकाळचा स्वयंपाक मी करणार," शिंप्याने सकाळीच जाहीर केलं. बायकोने चहाच्या कपावरून एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि उरलेला चहा संपवला.

ती नर्स होती. मुख्य नर्स व्हायचं तर परगावी महिनाभराचं प्रशिक्षण घ्यावं लागणार होतं आणि होकार उद्याच कळवायचा होता. "तुम्हाला एकट्याला टाकून मी नाही जायची," हे तिचं पालुपद चालू होतं. शिंप्याने त्याचा सरळ अर्थ लावला, की आपल्याला रांधता येत नाही म्हणून बाई अडलीय. आपल्यापायी तिची बढती हुकावी, हे त्याला फार लागलं होतं.

तसा माणूस गुणी, पण मुखदुर्बळ. दिवसभर मशीन आणि तो. शेजाऱ्यांच्या कमरेची मापं त्याला तोंडपाठ होती, पण मापापलीकडे एकाशीही तो कधी चार शब्द बोलला नव्हता.

बेत सोपा होता. एकच पातेलं, त्यात कोंबडी, कांदा, लसूण, मिरी आणि अख्खे जव. दोघांना वाटीभर जव पुरे, असं बायको बजावून गेली होती. शिंपी मनात हसला. पाण्यात घातलेली वस्तू आटते, हे त्याला कुणी शिकवायला नको होतं. पहिल्या धुण्यात आटलेल्या सदऱ्यांवरून त्याने गिऱ्हाइकांची कमी बोलणी खाल्ली नव्हती. तेव्हापासून कापड घेताना तो हात सैल सोडायचा. इथेही त्याने वाटी बाजूला ठेवली आणि अख्खी पिशवी रिकामी केली.

थोड्या वेळाने झाकण आपणहून वर उठलं. जव पाणी पिऊन टम्म फुगले होते आणि कोंबडीचा मागमूस नव्हता. खाली लागू नये म्हणून त्याने आणखी पाणी घातलं. जव तेही प्यायले. निम्मं दुसऱ्या पातेल्यात काढलं, पाणी घातलं, तर दोन्ही पातेली काठोकाठ भरली. मग कढई, मग कुकर. घरातली भांडी संपली, तरी जव थांबायला तयार नव्हते.

शेवटी त्याने धीर करून समोरच्या मास्तरीणबाईंचं दार वाजवलं आणि मोठं पातेलं मागितलं.

"केवढं मोठं?" बाईंनी विचारलं.

"कंबर चाळीसची असली तर बरं," शिंपी म्हणाला.

असं माप बाईंनी जन्मात ऐकलं नव्हतं, म्हणून पातेल्याबरोबर त्याही आल्या. पाठोपाठ वरच्या मजल्यावरचा वायरमन बादली घेऊन आला आणि कोंबडी शोधायला त्याची म्हातारी आई चष्मा लावून उतरली. पहिली तंगडी सापडली तेव्हा सगळ्यांना अगदी भरून पावल्यासारखं झालं. एवढं अन्न टाकवेना, म्हणून शिंप्याने सगळ्यांना जेवायलाच बसवलं.

नर्स घरी आली तेव्हा नवरा मधोमध उभा राहून वाढत होता आणि वायरमनच्या पहिल्या विजारीचा किस्सा रंगवून सांगत होता. तिला पाहताच त्याने किस्सा अर्ध्यावर सोडला. अंदाज जरासा चुकला, असं तो पुटपुटला. तिने ताट घेतलं, दोन घास खाल्ले, सगळ्यांकडे एकदा पाहिलं.

"उद्या होकार कळवते मी," ती म्हणाली.

शिंप्याचा ऊर भरून आला. मंडळी पांगल्यावर त्याला राहवेना. "म्हणजे चव जमली म्हणायची."

"अहो, मीठ घालायचंच राहिलंय त्यात."

"मग हो कशावर म्हणालीस?"

"जेवायला काय, खानावळ आहे की. महिनाभर तुम्ही बोलणार कुणाशी, याचा घोर होता मला."

शिंपी ओशाळला, आणि मनातून सुखावलाही. तेवढ्यात वायरमन आईचा निरोप घेऊन आला. उरलेले जव संपवायला उद्या संध्याकाळी सगळे परत येणार होते, आणि मीठ म्हातारी घरून आणणार होती.