कमळाबाई नापास होत नाहीत

कमळाबाईंना कॅनडाला जायचं नव्हतं, आणि ही गोष्ट अख्ख्या गावात फक्त दोघांना ठाऊक नव्हती. एक त्यांचा नवरा लटारूभाऊ आणि दुसरी त्यांची लेक करिष्मा.

करिष्मा तिकडे नर्स होती. आईवडिलांना कायमचं बोलावून घ्यायचा अर्ज तिनं केला होता. रविवारी एसटीडी बूथवर तिचा फोन यायचा. ती आधी हसायची, मग बाळाचं सांगता सांगता रडायची. रडणाऱ्या लेकीला 'नाही' कसं म्हणायचं? लटारूभाऊंनी तर तलावावरचं जाळं पुतण्याच्या हवाली करून टाकलं होतं, आणि भर मे महिन्यात स्वेटर अंगात घालून पाहिलं होतं.

कमळाबाई मात्र भद्रावतीच्या बाजारात मासोळी विकत मोठ्या झालेल्या. "तिथी मी कोणासंग भांडू?" त्या शेजारच्या कुंताला म्हणायच्या. "मासोळी म्हणे डब्यात बंद येते. भाव करणारंच कोणी नाई!"

वाट दाखवली गावातल्या मुखरूनं, तीही नकळत. त्याचा साळा दुबईला निघाला होता. "कागद सारे बरोबर होते, भाऊ," मुखरू लटारूभाऊंच्या ओट्यावर बसून सांगत होता. "दवाखान्यात नापास झाला. खेल खतम!"

लटारूभाऊंनी त्या दिवसापासून धसका घेतला. कमळाबाईंना त्या रात्री फार दिवसांनी गाढ झोप लागली.

कॅनडाच्या अर्जासाठीची दवाखान्यातली तपासणी हैदराबादेत होती. नेमून दिलेले डॉक्टर मूळचे आदिलाबादचे, त्यामुळे त्यांना मराठी चांगलं येत होतं. त्यांनी विचारलं, "काही जुना त्रास?"

"काई नाई, साहेब," लटारूभाऊ म्हणाले. "जरासा खोकला हाय. तो तं सर्वायलेच राह्यते."

कमळाबाईंनी मोठा उसासा सोडला. "मले चक्कर येते. छाती धडधडते. गुडघे चालत नाई. आन् कानानं तं काईच ऐकू येत नाई."

"काहीच ऐकू येत नाही?" डॉक्टरांनी अगदी हळू आवाजात विचारलं.

"काईच नाई!" कमळाबाई ताबडतोब म्हणाल्या.

लटारूभाऊ आ वासून बघत होते. "अवं, परवाच तं तू धानाचं पोतं उचललं!"

"तवाच तं छाती धडधडली!"

डॉक्टर शांत माणूस होते. "बाई, आजार निघाला म्हणजे लगेच नकार असं नसतं. बीपीवाले, शुगरवाले कितीतरी जातात. तिकडे कोणाला लागण होऊ नये आणि इलाजाचा फार मोठा बोजा पडू नये, एवढंच ते बघतात. पण तुम्ही सांगितलंय, तर मला तपासावं लागेल."

मग वरात निघाली. कान झाले, गुडघे झाले. रक्तदाब इतका छान निघाला की नर्सनं शेजारच्या नर्सला बोलावून दाखवला. शेवटी हृदयासाठी त्यांना चालत्या पट्ट्यावर उभं केलं. कमळाबाईंनी नऊवारीचा काष्टा आवळला आणि चालू लागल्या. पट्टा जोरात पळू लागला, तशा त्याही. पाटी डोक्यावर घेऊन एसटी गाठणाऱ्या बाईला ते काय अवघड? त्यांना मजाच यायला लागली. यंत्रावरचा माणूस म्हणाला, "बस, अम्मा, उतरो," तेव्हा त्या म्हणाल्या, "काऊन? थकले का तुम्ही?"

उतरल्यावर लक्षात आलं, आपण इथे नापास व्हायला आलो होतो.

नापास झाले लटारूभाऊ. छातीच्या फोटोत डाग दिसला आणि थुंकीत क्षयाचे जंतू निघाले. डॉक्टर म्हणाले, "घाबरू नका. पूर्ण इलाज करा, बरे व्हा, मग परत या. अर्ज तोवर थांबेल, रद्द होणार नाही."

परतीच्या गाडीत लटारूभाऊ खिडकीबाहेर बघत होते. "एक डाव पोरीले डोळेभर पाह्यलं असतं," एवढंच म्हणाले.

 गावात आल्या आल्या कमळाबाईंनी कुंताला गाठलं. "मी देवाले बिमारी मांगून राह्यलो होतो, वं. देवानं दिली, पण माणूस चुकला!"

त्यानंतर सरकारी दवाखान्यातली एकही गोळी चुकली नाही. लटारूभाऊंनी तोंड वाकडं केलं की त्या समोर कमरेवर हात ठेवून उभ्या राहायच्या. "गिळा! आन् बरे व्हा. मी हासत येतो तुमच्या संग कॅनडाले."

लटारूभाऊ खरंच बरे झाले. पण एव्हाना पहिल्या तपासणीची मुदत संपली होती, म्हणून दोघांनाही पुन्हा हैदराबाद गाठावं लागलं. लटारूभाऊंच्या छातीचा नवा फोटो पाहून डॉक्टरांनी मान डोलावली. मग त्यांनी कमळाबाईंच्या दंडाला पट्टा बांधला.

"आता काय त्रास?"

"काईच नाई, साहेब. चक्कर नाई, धडधड नाई, सारं ऐकू येते." त्यांच्या कपाळावर घाम होता.

पारा वर चढला. डॉक्टरांनी पुन्हा मोजलं. तो आणखी वर. "बाई, मागच्या वेळी तर छान होता! असाच राहिला तर पुन्हा तपासण्या लागतील. अडत काही नाही, पण महिनाभर जाईल."

कमळाबाईंचा चेहरा उतरला. "यायले म्या वचन देल्लं, साहेब. आता माह्यामुळं रखडलं तं?"

लटारूभाऊ शेजारी येऊन बसले. "अवं, रखडलं तं रखडलं. नापास झाली तरी काई बिघडत नाई. आपला तलाव हाय, तुहा बाजार हाय. करिष्माले मी समजावतो. मले का तुहं मन समजत नाई? साऱ्या गावाले सांगून ठेवलं तुवा."

 कमळाबाई खांदे सैल सोडून खुर्चीला टेकल्या आणि त्यांनी डोळे मिटून घेतले. डॉक्टरांनी तिसऱ्यांदा फुगा दाबला.

"अरे वा! एकदम बरोबर," ते म्हणाले आणि दंडावरचा पट्टा सोडवू लागले. "पास! करा तयारी कॅनडाची."

कमळाबाईंनी डोळे खाडकन उघडले. त्यांचा दाब त्या क्षणी पुन्हा चढला असणार. पण तोवर पट्टा सुटला होता, आणि लटारूभाऊ करिष्माला फोन करायला बाहेर धावले होते.