सरांचं बोट

साथीमुळे कॉलेज बंद झालं आणि क्ष-किरण विभागातले सर आपल्या बोटासकट घरी येऊन बसले. बोटाचा वेगळा उल्लेख अशासाठी, की सरांचं सगळं शिकवणं त्या बोटात होतं. वीस वर्षं ते अंधाऱ्या खोलीत एक्स-रेवर बोट टेकवून म्हणत, "हे बघा, इथे!" भोवतीची पोरं माना लांब करून बघत आणि शिकत.

आता जेवणाच्या टेबलावर कॉम्प्युटर आला. घरोघरी बसलेल्या अकरा विद्यार्थ्यांच्या पडद्यांवर सरांच्या कॉम्प्युटरवरचा एक्स-रे दिसू लागला. सर मात्र पूर्वीसारखेच काचेवर बोट टेकवून विचारत, "हे बघा, इथे! दिसलं?"

"हो सर," अकरा काळ्या चौकोनांतून आवाज येई.

आपलं बोट फक्त आपल्याच घरात दिसतं, हे या विद्वान गृहस्थांच्या दोन महिने डोक्यातच आलं नाही. 'हो सर' दिवसेंदिवस मलूल होत चाललंय, एवढं मात्र त्यांना जाणवत होतं. शेवटी विभागप्रमुखांचा फोन आला.

"तुमच्या वर्गात पोरं गप्प असतात म्हणे. शनिवारी मी स्वतः येऊन बसतो. जमत नसेल तर वर्ग नव्या मॅडमना देऊ. त्यांना हे कॉम्प्युटरचं चांगलं जमतं."

सरांचं जेवणावरचं लक्ष उडालं. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती आणि वर्गाशिवाय त्यांना दुसरं काही येत नव्हतं. साधा चहासुद्धा नाही.

"वर्ग गेला तर मी दिवसभर करू काय गं?"

"माझं डोकं खाल, दुसरं काय," बायको म्हणाली. पण तिलाही वाईट वाटलंच.

पोरांना नीट दिसत नसेल, म्हणून सर आणखी जोर लावून बोट दाबू लागले. काच बरबटली.

"अहो, रोज किती पुसायचं मी? ही घ्या विणकामाची सुई. हिनं दाखवा."

शुक्रवारचा तास सरांनी सुईने घेतला, आणि मोठ्या आवेशाने घेतला.

शनिवारी विभागप्रमुख बाराव्या चौकोनात येऊन बसले. सकाळीच काढलेला छातीचा एक्स-रे त्यांनीच वर्गासाठी पाठवला होता. सरांनी तो उघडला आणि त्यांचे डोळे चमकले. डाव्या बरगडीवर केसाएवढी तिरकी रेघ!

पोरांना बोलतं करायला त्यांनी आज सुई बाजूला ठेवली. "बारीक फ्रॅक्चर आहे. कुठे, ते तुम्ही सांगायचं."

"फ्रॅक्चर?" विभागप्रमुख दचकले. "अहो, हा तर मी नॉर्मल म्हणून सोडलाय."

पाच मिनिटं गेली. दहा गेली. शेवटी एक मुलगी चाचरत बोलली. "सर, फ्रॅक्चर काही सापडत नाहीये. पण हृदयाच्या सावलीमागे एक लहानशी गाठ आहे. खरंच आहे, सर."

सरांनी बघण्यासाठी पडद्यावरचा एक्स-रे मोठा केला. बरगडी सरकली, फ्रॅक्चर जागच्या जागीच राहिलं. सरांनी नख फिरवून पाहिलं, तर काचेला सुईचा ओरखडा होता. गाठ मात्र खरी होती.

विभागप्रमुखांनी पडद्याला नाक लावून ती गाठ पाहिली. मग त्यांनी तिथूनच फोन करून पेशंटला परत बोलावून घेतलं. "वेळेवर सापडलं," ते म्हणाले. "मुली, ही सावलीमागची जागा माझीसुद्धा सुटली. तुला कोणी शिकवलं?"

"सरांनीच. म्हणजे, सरांचं बोट आम्हाला कधी दिसलंच नाही. मग आम्ही प्रत्येक फिल्म कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत धुंडाळायचो. सर कुठे 'इथे' म्हणत असतील, ते शोधायला."

सरांचे कान लाल झाले. "अगं, मग सांगायचं नाही का?"

"पहिल्या दिवशी सांगणार होतो, सर. पण तुम्ही इतकं मनापासून शिकवत होतात! मग आठवडा गेला, मग महिना. मग सांगायचीच लाज वाटायला लागली."

विभागप्रमुख इतके हसले की त्यांना चष्मा काढून ठेवावा लागला. वर्ग सरांकडेच राहिला. शिवाय, पडद्यावर लाल बाण कसा फिरवायचा ते नव्या मॅडमनी रविवारी फोनवरून त्यांना शिकवलं. चार वेळा शिकवलं.

सोमवारी सरांनी ऐटीत बाण फिरवला. "हे बघा, इथे! आता तरी दिसलं ना?"

कोणीच बोलेना.

"काय झालं? दिसत नाहीये?"

"दिसतंय, सर," तीच मुलगी म्हणाली. "पण तो बाण घालवता का? शोधायला काही उरतच नाही."

सरांनी बाण घालवला, हाताची घडी घातली, आणि वीस वर्षांत पहिल्यांदाच ते स्वतःच्या वर्गात गप्प बसून राहिले.