पडलेल्या पुलाचे जाहीर आभार

बोरटेकचा पूल पडला ही दुःखाची गोष्ट होतीच. पण त्याहून मोठी अडचण अशी, की तो आपल्या माणसाने बांधलेला होता.

परक्याचा पूल असता तर गावाने दुपारच्या आत निषेध उरकून टाकला असता. पण नाल्यावरचा हा पूल आमदार नानासाहेबांनी मंजूर करून आणला होता, नारळही त्यांनीच फोडला होता, आणि कोनशिलेवर त्यांचं नाव इतकं ठळक होतं, की पूल पडल्यावरही ती कोनशिला तेवढी उभी राहिली. शिवाय पूल पडला माघ महिन्यात. नाल्यात घोटाभरही पाणी नव्हतं. पुरावर ढकलावं तर पूर नाही. वाळूच्या डंपरवर ढकलावं तर डंपर सरपंचाच्या शालकाचा. सकाळी पूल उन्हात उभा होता आणि जेवणवेळेला खाली बसला, एवढंच पाहणारे सांगत.

हे सगळ्यात जास्त लागलं ते भिलाआप्पांना. आप्पा म्हणजे गावच्या भजनी मंडळाचे पुढचे टाळकरी. सप्ताहाला कीर्तनकार कुठलाही येवो, महाराजांनी चरण म्हणून श्वास घ्यायला थांबावं, की आप्पांनी तो अलगद झेलावा, आणि मग मागच्या सगळ्या रांगेने टाळांच्या गजरात उचलून धरावा. एकदा महाराजांना ठसका लागला, तर आप्पांनी तोही चालीत घेतला होता. कीर्तनात बसलं की आप्पांच्या डोळ्यांना आपोआप धार लागे. माणूस देवभोळा आणि मनाचा मऊ. एखाद्यापुढे एकदा मान लवली की ती परत वर करायची असते, हे त्यांना सुचतच नसे. अशी मान त्यांनी पांडुरंगापुढे लववली होती, आणि गेल्या काही निवडणुकांपासून नानासाहेबांपुढे.

पण आप्पांची लेक चेतना पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली होती. नववा लागला होता. नंदुरबारच्या दवाखान्याची वाट याच पुलावरून. पूल पडल्यावर गावकऱ्यांनी नाल्याची दरड खोदून एक उतार काढला होता. त्यातून ट्रॅक्टर आणि जीप कशीबशी उतरून पलीकडे चढायची.

"मन्ही पोर या उतारवरथून कशी जाई?" निर्मलाबाई रोज भाकरी थापता थापता विचारायच्या. "दुसरा कोनी ऱ्हाता तं तुम्ही गाव डोकावर लेतात. आते बोला ना तुमना नानासाहेबले."

आप्पांना ते पटलं. पण एकट्याने बोलणं त्यांच्या सवयीत नव्हतं. त्यांनी ही गोष्ट चंदन सरांच्या कानावर घातली. चंदन सर निवृत्त मुख्याध्यापक आणि नानासाहेब समर्थक परिवाराचे अध्यक्ष. संध्याकाळी मारुतीच्या मंडपात परिवाराची बैठक बसली.

"विषय असा आहे," सर उभे राहून म्हणाले, "की आपण टीका करावी किंवा कसे."

"सर, टीका हाऊ शब्दच नका वापरू," भाग्येश म्हणाला. परिवाराचा मोबाइलवरचा ग्रुप तो सांभाळायचा, त्यामुळे त्याला सगळीकडे धोका दिसायचा. "उद्या कोनी फोटो काढीसन पुढे धाडी दी."

"मंग तक्रार म्हना," आप्पा म्हणाले.

"तक्रार विरोधक करतस, आप्पा."

"मंग सूचना."

"म्हंजे नानासाहेबले समजत नही आनि आपले समजस, असं व्हई ना ते."

"विनंती तं चाली?"

यावर सरांनी चष्मा काढून पुसला. "विनंती या शब्दात काम झालेले नाही, असे गृहीत आहे. काम तर झालेले आहे. ते नंतर पडले, ही पुढची बाब."

"सर, पोरना दिवस भरी ऱ्हायनात."

"आप्पा, तुमची अडचण आम्हाला मान्य आहे. परंतु ती वैयक्तिक आहे. एका बाळंतपणासाठी आपण आपल्या माणसाचे हात कमजोर करायचे का?"

मंडपात कुजबुज झाली. हात कमजोर करायला कोणाचीच तयारी नव्हती. मग वेळेचा मुद्दा निघाला. निवडणुकीआधी टीका केली तर समोरचा निवडून येतो, म्हणून तेव्हा करू नये. निवडणुकीनंतर लगेच केली तर ती कृतघ्नता होते. आणि मधल्या काळात पुढच्या निवडणुकीची तयारी चालू असते. टीकेला योग्य असा काळ कोणता, यावर बराच खल होऊन, तसा काळ आढळून येत नाही असं एकमताने ठरलं.

"मंग आपन गप्प बसानं?" आप्पांनी विचारलं.

"मुळीच नाही," सर म्हणाले. "आपण लोकशाही मानतो. आपण आभार मानू."

ठराव सरांनी स्वतःच्या शुद्ध हाताने लिहिला. पूल बांधल्याबद्दल, तो पडेपर्यंत उभा राहिल्याबद्दल, आणि पडताना त्याने कोणालाही इजा न केल्याबद्दल बोरटेक ग्रामस्थ नानासाहेबांचे जाहीर आभार मानत आहेत.

"यामा खोच शे," भाग्येश आप्पांच्या कानात म्हणाला. "समजनारले बरोबर समजी जाई."

आप्पा हलक्या मनाने घरी आले.

"काय ठरनं पूलनं?" निर्मलाबाईंनी विचारलं.

"आभार मानवानं ठरनं."

निर्मलाबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. तव्यावरची भाकरी करपली, तरी बघत राहिल्या.

ठराव पोचला आणि समजणाऱ्याला समजलंही. आपलं काम बोरटेकला आवडलं, असं नानासाहेबांना समजलं. त्यांच्या स्वीय सहायकाचा फोन आला, की साहेब रविवारी आभार स्वीकारायला जातीने येत आहेत. कार्यक्रम पुलाजवळच घ्यावा.

पुलाजवळ सपाट जागा एकच होती, नाल्यात उतरणाऱ्या नव्या उताराच्या पायथ्याशी. स्टेज तिथे बसलं. मंडपाचे बांबू उतारात रोवले गेले. आणि मंडपाच्या कडेला, खळ्याएवढ्या फ्लेक्सवर, नानासाहेब हात जोडून उभे राहिले.

"सर, उतार बंद व्हयना ना," आप्पा म्हणाले.

"एका दिवसाचा प्रश्न आहे. चेतनाला म्हणावं, सोमवारची वाट बघ."

चेतनाने सोमवारची वाट बघितली नाही.

नानासाहेबांच्या गाड्या नाल्याच्या पलीकडे थांबल्या होत्या. सोहळ्याला शोभा यावी म्हणून सरांनी भजनी मंडळाला टाळ-मृदंगासह स्टेजवर मागच्या बाजूला उभं केलं होतं. आप्पा पुढे. नानासाहेब बोलत होते आणि छान बोलत होते.

"विरोधक म्हणतात, पूल पडला. मी म्हणतो, पूल बसला. अरे, वर्षभर उभा होता बिचारा. आपण तरी वर्षभर उभे राहतो का?"

लोक हसले. आप्पाही हसले. तेवढ्यात शेजारच्या रंजनाबाई स्टेजच्या मागून आल्या आणि त्यांनी आप्पांचं धोतर ओढलं.

"आप्पा, चेतनाले कळा सुरू झायात. जीप वर उभी शे. खाले उतरानी वाटच नही."

आप्पांच्या हातातले टाळ गार पडले. ते सरांजवळ सरकले. "सर, मंडपनी एक बाजू सोडी द्या. जीप काढतस."

सरांनी गंभीरपणे विचार केला. "साहेब बोलत असताना मंडप सोडला, तर ती टीका ठरेल का?"

"शंभर टक्के ठरी," भाग्येश म्हणाला. "समर्थकस्नीच मंडप उपटा, असा व्हिडिओ फिरी."

"परंतु कारण मानवतेचे आहे," सर म्हणाले.

"विरोधकस्ले तेच पाहिजे, सर. त्या लगेच मानवतामा शिरतस."

वर जीप होती, जीपमध्ये आप्पांची लेक होती, आणि खाली स्टेजवर हळू आवाजात बैठक भरली होती. भाषण संपेपर्यंत थांबावं, आणि नंतरचं आभारप्रदर्शन थोडक्यात आटपावं, इथपर्यंत बैठक आली. तेव्हा वरून चेतनाचं कण्हणं ऐकू आलं. लाउडस्पीकरच्या आवाजातूनही आलं. बापाच्या कानाला तेवढं कळतं.

आप्पा पुढे झाले. जन्मात पहिल्यांदा ते कोणाच्या मागे नव्हते. नानासाहेब पाणी प्यायला थांबले होते. आप्पा माइकपुढे उभे राहिले.

"नानासाहेब," आप्पा म्हणाले, "पूल पडना, पोर आडकनी..."

आणि इथे त्यांना श्वास घ्यावा लागला. ते थांबले.

तेवढंच चुकलं. एरवी आप्पांनी चरण टाकून श्वास घेतला, की रांगेने तो उचलायचा, हा वर्षानुवर्षांचा शिरस्ता. मागच्या टाळकऱ्यांनी क्षणभर वाट पाहिली आणि आप्पा थांबलेत म्हटल्यावर त्यांचं कर्तव्य केलं.

"पूल पडना, पोर आडकनी," पहिली ओळ उठली.

"पोर आडकनी हो, पोर आडकनी," दुसरी उठली.

मृदंगावर थाप पडली. गावाने टाळ्यांचा ठेका धरला. आप्पांनी घाबरून दोन्ही हात वर केले. थांबा, असं त्यांना म्हणायचं होतं. पण कीर्तनात हात वर गेले की चाल वाढवायची असते, हे बोरटेकमध्ये पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक. चाल वाढली. नानासाहेबांनी डोळे मिटून मान डोलवली आणि तेही टाळ्या वाजवू लागले. बोरटेकच्या इतिहासातली पहिली जाहीर टीका चांगली रंगली. समेवर आप्पांच्या हातातले टाळ त्यांनी न वाजवताच वाजले, आणि मग वाजतच राहिले.

निर्मलाबाईंनी वरून हे पाहिलं. त्या जीपमधून उतरल्या, घरून विळा घेऊन आल्या, आणि त्यांनी फ्लेक्सच्या दोऱ्या कापल्या. डोंगरातल्या गावांत आजारी माणसाला झोळीत घालून नेतात, हे त्यांनी टीव्हीवर पाहिलेलं होतं. तेव्हा त्या हळहळल्या होत्या, आणि आप्पा म्हणाले होते, त्या बिचाऱ्यांना आपल्यासारखा आमदार मिळाला नाही. रंजनाबाईंनी मंडपाचा एक बांबू उपसला. बायकांनी फ्लेक्सची झोळी बांधली, नानासाहेबांच्या जोडलेल्या हातांत चेतनाला निजवलं, आणि मंडपाच्या कडेकडेने, दगड चुकवत, त्या नाला ओलांडू लागल्या.

स्वतःचा चेहरा बांबूला लटकून चाललेला पाहून नानासाहेब आधी दचकले. मग ते पुढारी असल्यामुळे धावले आणि त्यांनी बांबूला हात लावला. भाग्येशने तेवढंच टिपलं.

"हात काढा," निर्मलाबाई त्यांना म्हणाल्या. "गाडी उघडा."

बोरटेकमध्ये त्यांना इतक्या स्पष्ट शब्दांत आजवर कोणी काही सांगितलं नव्हतं. त्यांनी मुकाट्याने गाडी उघडली.

मुलगी झाली. माय-लेकी सुखरूप. रात्रीच्या आत ग्रुपवर मजकूर फिरला, की पूल नसतानाही नानासाहेबांनी भगिनीला स्वहस्ते पैलतीरी नेलं. त्याखाली जोडलेल्या हातांची रांग लागली. विरोधकांना उत्तर सुचेना. चंदन सरांनी आभाराचा दुसरा ठराव लिहायला घेतला.

आप्पा दवाखान्यात पोचले तेव्हा निर्मलाबाई नातीला मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

"तुम्ही बोलनात, ते मी आयकं," त्या म्हणाल्या. "मन्हं काळीज भरी ऊनं. पन मंग टाळ कोनी वाजाडात?"

आप्पांनी आपल्या हातांकडे पाहिलं.

बारशाला विसरवाडीकडचे व्याही आले. आप्पांनी त्यांना सगळी हकीकत सांगितली, स्वतःला न वगळता. व्याही पोट धरून हसले. "तुमना नानासाहेब शे तसाच," ते डोळे पुसत म्हणाले. "आनि तुम्ही लोकं त्यानावर फूलं टाकतस."

"तुमनाकडली पानीनी टाकी गळस, म्हने?" आप्पांनी सहज विचारलं. "तुमना साहेबनीच बांधी ना?"

व्याह्यांचं हसू थांबलं. त्यांनी जेवणाचं पान जरा लांब सारलं. "त्यानं वेगळं शे, आप्पा. गळस, पन त्यामागे कारन शे. आमना साहेब आते तेच देखी ऱ्हायनात."

आप्पांनी ते पान पुन्हा व्याह्यांपुढे सारलं. देवापुढे ते आजही पुढचे टाळकरी आहेत आणि डोळ्यांना धार अजूनही लागते. पण नानासाहेबांच्या दुसऱ्या सत्काराला ते गेले नाहीत. तिथली पुढची जागा तेव्हापासून मोकळी आहे, आणि चंदन सर योग्य माणसाच्या शोधात आहेत.

हे वाचताना तुम्हाला मधूनमधून हसू आलं असेल, आणि एक चेहराही आठवला असेल. तो तुम्ही मत न दिलेल्या माणसाचा होता, हे न विचारता सांगता येतं. तेव्हा सवड काढून एकदा बोरटेकला यावं. टाळ तयार आहेत. ते कोणाच्याही हाताला बसतात.