उघडल्याबिगर कळत न्हाई

आमच्या घरात एकही वस्तू धड झाकणासकट नाही. घड्याळ उघडं, रेडिओ उघडा, पंख्याची टोपी गायब. याचं कारण माझे सासरे, अप्पा.

अप्पा नगरजवळच्या नागापूर एमआयडीसीत फिटर होते. निवृत्त झाल्यापासून घरात मोकाट सुटलेत. मिक्सरने जरा वेगळा आवाज काढला, की हे पान्हे-स्क्रूड्रायव्हर घेऊन मांडी ठोकून बसलेच. "उघडल्याबिगर फॉल्ट कळत न्हाई!" जोडून झालं की दोन-चार स्क्रू हमखास उरतात. हे कुठले, विचारलं तर म्हणतात, "कंपनी जास्तीचे घालती." त्या जास्तीच्या स्क्रूंनी श्रीखंडाचा डबा भरलाय, आणि स्कूटर दिवाळीपासून अंगणात सुटी पडली आहे.

हे सगळं मी सोसलं असतं. पण पुढे अप्पांनी माझं पोट मनावर घेतलं.

पाळीच्या दिवसांत माझं पोट असं दुखायचं, की मी फरशीवर आडवी पडायचे. कॉलेजात असल्यापासूनचं हे. डॉक्टर बदलले, गोळ्या बदलल्या, सोनोग्राफीत दर वेळी "सगळं नॉर्मल". आई म्हणायची, लग्न झालं की थांबेल. लग्न झालं, तर शेजारीण म्हणाली, मूल झालं की थांबेल. शेवटी मलाच वाटायला लागलं, की आपण नाटकं तर करत नाही ना?

अप्पांना मात्र शंका नव्हती. "मोटर गरम हुती म्हंजी आत फॉल्ट हायच. मीटर काय बी दावू दे!" सुनेच्या पाळीबद्दल सासऱ्याने चारचौघांत बोलू नये, एवढी साधी रीत. पण हे दूधवाल्यालासुद्धा सांगून मोकळे. दुसऱ्या दिवशी दूध मापता मापता तो मला विचारतो, "वहिनी, घावला का फॉल्ट?" धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं.

अखेर नगरच्या एका डॉक्टरीणबाईंनी माझं नीट ऐकून घेतलं. हे दुखणं सोनोग्राफीत दिसेलच असं नाही, म्हणाल्या, दुर्बिणीने आत बघावं लागेल. झालं! "मी म्हन्लंच हुतं," म्हणत अप्पा गल्लीभर मिरवले. तेव्हा मला माहेरी निघून जावंसं वाटत होतं.

ऑपरेशनच्या दिवशी मला आत नेताना अप्पा डॉक्टरीणबाईंना आडवे आले. "बाई, जोडताना काय उरू देऊ नका." मी स्ट्रेचरवरूनच हात जोडले.

आत सापडलं. गर्भाशयाच्या आत असतं तसलंच अस्तर बाहेर, आतड्याजवळ उगवलं होतं. दर पाळीला तेही सुजायचं, त्यातूनही रक्त यायचं. नाव एंडोमेट्रिऑसिस. खात्रीसाठी काढलेला तुकडा डबीत बंद करून नातेवाइकांच्या हातात देतात, लॅबमध्ये पोचवा म्हणून. नवरा माझ्याजवळ थांबला, डबी गेली अप्पांकडे. शुद्धीवर आल्यावर हे कळलं आणि मी कपाळाला हात लावला. झाकण असलेली वस्तू, आणि या माणसाकडे!

पुढे रिपोर्ट आणायला मीच गेले. नाव सांगितल्यावर काउंटरवरची मुलगी माझ्याकडे बघतच राहिली.

"ते आजोबा तुमचे सासरे का? दिल्लीगेटच्या दवाखान्यापासून इथं सावेडीपर्यंत भर उन्हात चालत आल्ते. रिक्षात हिंदकळंल म्हणून. डबी दोन्ही हातांत धरलेली, झाकणाला कुणाला हात लावू देईनात."

"मग दिली कशी?"

"मग म्हणाले, पोरी, उघडावं तर लागंलच. पर जरा हळू उघड. लई सोसलंय तिनं."

रिपोर्टात तेच नाव होतं. इतक्या वर्षांनी माझं दुखणं खरं ठरलं, त्याचा मला आनंद व्हायला हवा होता. पण मी तिथल्या बाकावर बसून रडले ते त्या डबीसाठी.

घरी आले, तर अप्पा नवाकोरा मिक्सर सुटा करून बसलेले. मान वर न करता त्यांनी विचारलं, "घावला?"

"घावला, अप्पा. औषधं बरेच दिवस घ्यावी लागतील. पण घावला."

"मी म्हन्लंच हुतं," ते म्हणाले. पण स्क्रूड्रायव्हर काही केल्या खाचेत बसेना.

मी त्यांच्यासमोर मांडी घालून बसले आणि स्क्रू धरून ठेवला.