अ‍ॅटलासला मिठाचं पाणी

"चादरी काय, सोलापुरात घरोघरी सापडतील. पण हाताने रंगवलेला जुना अ‍ॅटलास एकच, आणि तो माझ्याकडे!"

शरणबसव हे वाक्य गेले कित्येक दिवस दूधवाल्याला, वाण्याला, दाढी करणाऱ्याला, फार काय, चुकून लागलेल्या फोनलाही ऐकवत होते! निवृत्त झाल्यावर माणसं देवाधर्माला लागतात, हे जुन्या नकाशांच्या नादाला लागले. बेडरूममधलं कपाट नकाशांनी भरलं आणि बायकोच्या, म्हणजे भुवनेश्वरीच्या, साड्या पलंगाखालच्या ट्रंकेत गेल्या. त्या कपाटाचा राजा म्हणजे हा अ‍ॅटलास. पावणेदोनशे वर्षांपूर्वी विलायतेत काळ्या शाईत छापलेला आणि मग एकेक नकाशा कुणीतरी कुंचल्याने रंगवलेला. निदान विकणाऱ्याने तरी तसं सांगितलं होतं. शिवण उसवून पानं सुटी झाली होती, पण शरणबसव ती हातमोजे घालून उलटत. लग्नाचा अल्बमसुद्धा त्यांनी कधी इतका जपला नव्हता!

आता हा अ‍ॅटलास पुण्याच्या प्रदर्शनात काचेच्या पेटीत झळकणार होता, खाली शरणबसवांचं नाव! त्याआधी फक्त जुन्या नकाशांच्या जाणकार उत्कर्षा मॅडम घरी येऊन रंग अस्सल आहेत का, ते बघणार होत्या.

"आणि नसले तर?" भुवनेश्वरीने विचारलं.

"तर कपाट तुझं! सिद्धेश्वराची शपथ. पुन्हा एक नकाशा घरात आणला तर नाव बदल माझं!"

सासूबाई सिद्धम्मा कोपऱ्यात वाती वळत बसल्या होत्या. अक्कलकोटहून लेकीकडे राहायला आलेल्या. त्यांच्या यजमानांचा जन्म चादरींचं सूत रंगवण्यात गेला होता.

"जावईबापू, रंग बगायला पुण्यासनं बाई कशाला वो?"

"आई, त्यातलं तुम्हाला नाही कळायचं. एक पान जरी खोटं निघालं ना, तर चारचौघांत माझं नाक कापलं जाईल!"

"अय्यो!" म्हणत सिद्धम्मांनी हातातली वात खाली ठेवली.

ही खाली ठेवलेली वात शरणबसवांनी बघायला हवी होती. पण ते इस्त्रीचा सदरा घालून मॅडमना आणायला स्टेशनवर निघाले होते! गाडी नेमकी जेऊरला अडकली. ती सोलापुरात येईपर्यंत ऊन चांगलंच तापलं आणि रिक्षातून घरी येईपर्यंत शरणबसवांनी मॅडमना अ‍ॅटलासची गोष्ट दोनदा सांगून टाकली.

"या मॅडम, या! आता तुम्हाला दाखवतो, जगातला दुर्मीळ..."

फाटकातच वाक्य तुटलं.

अंगणातल्या दोरीवर आफ्रिका वाळत होती! चिमटे लावून! तिच्या शेजारी युरोप, मग सासूबाईंचा परकर, मग आशिया. दक्षिण अमेरिका उलटी टांगलेली.

"आलाव का?" सिद्धम्मा विजयी चेहऱ्याने पुढे आल्या. "आमच्यात नवी चादर आनली की आदी मिठाच्या पान्यात टाकतेत. संगं एक पांडरं फडकं. फडक्याला रंग लागला की माल कच्चा! तुमच्या नाकाचा प्रश्न व्हता की, मग सगळीच पानं भिजवली."

"सगळी?" शरणबसव मटकन पायरीवर बसले.

"व्हय की! पर बगा, रंग कसा जागच्या जागी हाय! लई पक्का माल."

शरणबसव धडपडत उठले. आफ्रिका हिरवी, युरोप पिवळा, सगळं जसंच्या तसं! हुंदका येता येता त्यांना हसू फुटलं.

"अस्सल! मॅडम, बघितलंत? मिठाच्या पाण्यालासुद्धा पुरून उरला!"

"त्यो हिंदुस्थानाचा तेवढा खोटा निगाला," सिद्धम्मांनी पायरीवरचा, नुसत्या काळ्या रेघा उरलेला एक पांढराफटक कागद उचलला. "सगळा रंग सोडला की त्यानं. टाकून द्या."

"एक पान खोटं," भुवनेश्वरी दारातून म्हणाली आणि कपाटाच्या दिशेने बघू लागली.

मॅडमनी भिंग काढलं. आफ्रिका बघितली, युरोप बघितला, परकर ओलांडून आशिया बघितला. त्यांचा चेहरा पडत चालला.

"काका, कसं सांगू? कुंचल्याने लावलेला जुना रंग भिजला की सुटतो. हा सुटला नाही, कारण तो छापलेला आहे. भिंगातून ठिपके दिसतात बघा. या अलीकडच्या नकला आहेत."

"कुठली पानं?"

"दोरीवरची सगळी."

मग त्यांनी तो पांढराफटक हिंदुस्थान उन्हात धरला आणि कितीतरी वेळ खाली ठेवलाच नाही.

"हा मात्र अस्सल होता."

"होता?"

"आज सकाळपर्यंत."

शरणबसवांनी तो कागद दोन्ही हातांत घेतला. मॅडमनीच मग हळूच विचारलं, "आजी, ते पांढरं फडकं कुठं आहे?"

सिद्धम्मांनी बादलीतून जे काढलं, ते जावईबापूंचं ठेवणीतलं धोतर होतं. त्याच्या सोग्यावर फिकट गुलाबी, फिकट निळी आणि थोडी पिवळी अशी झाक उतरली होती. पावणेदोनशे वर्षांपूर्वी कुणीतरी कुंचल्याने लावलेली!

त्याच संध्याकाळी भुवनेश्वरीच्या साड्या कपाटात गेल्या. वरच्या कप्प्यात एक कोपरा मात्र शरणबसवांनी हात जोडून मागून घेतला. हातमोजे घालून त्यांनी ते धोतर मऊ कागदात गुंडाळलं आणि तिथे ठेवलं. तेवढ्यात मागून सिद्धम्मांचा कळवळलेला आवाज आला, "जावईबापू, जिवाला लावून घिऊ नका! आना ते हिकडं, सोडा घालून उकळलं की डाग जातोय बगा!"