ट्रॉलीतला जाझ

"पाच वर्षांत अमेरिकेतली माणसं कोल्हापूरचा पत्ता विचारत येतील बघा!" असं महांतेशनं १९९८ च्या संक्रांतीला गुळाच्या दुकानात उभं राहून जाहीर केलं. ऐकायला त्याचे वडील अण्णाप्पा, रचून ठेवलेल्या ढेपा आणि ढेपांएवढेच मुंगळे हजर होते. मुंगळ्यांनी लक्ष दिलं नाही. अण्णाप्पांनी दिलं.

"कशाला येतील? गूळ न्यायला?"

"जाझ ऐकायला, अप्पा!"

महांतेश आठ वर्षं लग्नाच्या ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवत होता. एकदा एका रेडिओ दुरुस्तीवाल्याकडं त्याला कुणा अमेरिकन पियानोवाल्याची बिननावाची कॅसेट सापडली आणि माणूस कामातून गेला! त्या वाजवणाऱ्यानं गाणं सुरू केलं, मध्येच सोडलं, वाटेल तिकडं फिरून आला आणि बरोब्बर समेवर घरी! महांतेशनं ती टेप झिजून पारदर्शक होईपर्यंत ऐकली. मग ठरवलं, आपण यात कोल्हापूरची हलगी घालायची, आईची कानडी भजनं घालायची, आणि जगात कुणी ऐकलं नाही असं काहीतरी करायचं. त्यानं साडेसात मात्रांची एक रचनाही केली होती. ती ऐकून ड्रमवाला राजवीर म्हणाला होता, "भारीच की! पण ही अर्धी मात्रा कुणी वाजवायची, मी का तू?"

अण्णाप्पांनी गादीवर बसल्या बसल्या निकाल दिला. "एक कार्यक्रम नीट करून दाव. जमला तर तुझा तू मोकळा. फसला तर पाडव्यापास्नं हितं माझ्या शेजारी बसायचं. ती पेटी इकायची."

महांतेशनं पेपरात छोटी जाहिरात दिली: 'महांतेश जाझ ग्रुप. सर्व प्रसंगांसाठी.' आणि चौथ्या दिवशी दुकानातला फोन खणखणला!

"महांतेश ग्रुपवालं काय? मी आण्णा पाटील, उंबरमाळ दूध संस्थेचा चेरमन! गारगोटीच्या फुडं हाय आमचं गाव. संस्थंला पंचवीस वर्सं झाली, मिरवणूक काढायची हाय. तुमचंच पथक पायजे!"

लाइनीत अशी खरखर होती की जणू तारेवर कुणी पापड भाजत होतं.

"तुम्हाला जाझ आवडतो?" महांतेशनं रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला.

"म्हंजे काय! समदं गाव खुळं हाय त्याच्यापायी! किती जण येताय?"

"चार!"

"चाळीस? झकास! त्येच्या खाली नको बघा!"

यातलं 'झकास' तेवढं महांतेशला ऐकू आलं. फोन ठेवून तो बायकोला म्हणाला, "शिवलीला, बघ! पुण्या-मुंबईवाल्यांना कळत नाही, आणि गारगोटीकडच्या शेतकऱ्यांना जाझ कळतो!"

शिवलीला या ग्रुपची गायिका. आवाज गोड आणि डोकं जाग्यावर. ती म्हणाली, "अहो, पण मिरवणुकीत कीबोर्ड कसा वाजवणार? चालत?"

"कलेला वाट सापडते!" महांतेश म्हणाला.

ठरल्या दिवशी गिटारवाल्याला कावीळ झाली. उरलेले तिघं टेम्पोत सामान घालून उंबरमाळला पोचले. कमानीखाली फेटा बांधलेले आण्णा पाटील उभेच होते. त्यांनी टेम्पोत डोकावून पाहिलं, टेम्पोच्या मागं पाहिलं, मग लांब रस्त्याकडं पाहिलं.

"बाकीची गाडी मागनं येत्या व्हय?"

"कसली गाडी?"

"पोरांची! चाळीस पोरं, झांजा, ताशे!"

"आण्णा, आम्ही जाझवाले. जाझ!"

"त्येच की! पेपरात उलटं छापलंय म्हनून आमी सुलटं वाचलं. झांज!"

राजवीर हळूच टेम्पोत परत चढायला लागला.

"पावणं," आण्णांचा आवाज चढला, "वरनं दूध संघाचं सायेब आल्यात, चारला मिरवणूक निघायची हाय, आन् तुमी तिघं? त्यात एक बाई, आन् एक ह्यो पळतोय!"

पळणाऱ्याला गावकऱ्यांनी उतरवून घेतलं. आता वाजवल्याशिवाय सुटका नव्हती. कीबोर्डला वीज लागते हे कळल्यावर मांडववाल्याचा जनरेटर आला. तो ठेवायला ट्रॅक्टरची ट्रॉलीही मिळाली. पण गावात ट्रॉली एकच होती आणि तिच्यात आधीच एक मानकरी उभी होती! शिंगांना सोनेरी बेगड, गळ्यात झेंडूची माळ, पाठीवर भरजरी झूल. ही गंगी म्हैस. संस्थेला सगळ्यात जास्त दूध घालणारी. मिरवणूक संपली की साहेबांसमोर तिची धार काढून विक्रम जाहीर व्हायचा होता.

गंगीची मालकीण झुंबरबाई ट्रॉलीतच कासरा धरून उभी होती. तिनं महांतेशला वर येताना बघितलं आणि आधीच बजावलं, "वाजवायचं त्ये वाजीव. पर माझी गंगी बुजली, तर दूध चोरती, कासंतच धरून ठेवती. आज दूध चोरलं, तर तुला सोडायची न्हाय!"

अशा रीतीनं डाव्या बाजूला म्हैस, उजव्या बाजूला जनरेटर, मागं ड्रम आणि डोक्यावर झुंबरबाईची धमकी घेऊन महांतेशच्या जाझ कारकिर्दीला सुरुवात झाली.

पुढं गावचा केरबा हलगीवाला आणि शंभरएक पोरं नाचायला टपलेली. महांतेशनं साडेसात मात्रांची रचना सुरू केली. पहिल्या आवर्तनात केरबा गोंधळला. दुसऱ्यात पोरं एकमेकांच्या पायांवर पडली. तिसऱ्यात कुणीतरी ओरडलं, "ओ मास्तर! एक पाय कमी पडतोय की!"

सावरायला म्हणून शिवलीलानं माईक घेतला आणि अमेरिकन पद्धतीचे बोल सुरू केले. "शू-बी-डू, शू-बी-डू..."

कडेला उभ्या असलेल्या गावातल्या म्हाताऱ्या बयाबाई मोठ्यांदा म्हणाल्या, "अगं, कुणाच्या पोराला शू आल्या? पल्याड न्या की त्येला!"

अख्खी मिरवणूक हसली. शिवलीला लाल झाली. आण्णा पाटील ट्रॉलीकडं येताना दिसले आणि त्यांची चाल काही चांगली दिसेना. महांतेशच्या डोळ्यांपुढं गुळाची गादी आली, तिच्याशेजारची आपली गादी आली, थेट म्हातारपणापर्यंतचे मुंगळे आले.

तेवढ्यात ट्रॉलीचं चाक खड्ड्यात गेलं. गंगी पुढं झुकली आणि आधाराला म्हणून तिनं आपलं थंड, ओलं, भलंमोठं तोंड थेट कीबोर्डवर टेकवलं! चार-पाच बटणं एका दमात दाबली गेली. कीबोर्डमधून आपोआप वाजणारा परदेशी ठेका सुरू झाला, तोही दणदणीत आवाजात!

"बंद कर!" राजवीर ओरडला.

महांतेशनं हात पुढं केला, पण गंगीचं तोंड हलेना. आणि मग त्याच्या कानांवर वेगळंच काही आलं. केरबानं मान तिरकी करून तो ठेका दोन क्षण ऐकला, आणि त्याच्या हलगीची टिपरी अशी काही कडाडली की दोन्ही ताल एकमेकांत कुलपात किल्ली बसावी तसे बसले! पोरांना त्यांचा हरवलेला पाय सापडला. शिट्ट्या सुरू झाल्या.

"ह्ये काय वाजतंय रं?" झुंबरबाईनं विचारलं.

"सांबा! ब्राझीलचा!"

"सांब म्हंजे म्हादेवच की!" झुंबरबाईनं कपाळाला हात लावला. "गंगे, ऐक गं!"

शिवलीलानंही ते ऐकलं. तिनं शू-बी-डू सोडलं आणि सासूबाई पहाटे गात ते कानडी भजन त्याच ठेक्यावर उचललं. महांतेशनं म्हशीच्या तोंडाच्या अलीकडच्या पट्ट्या डाव्या हाताला घेतल्या, पलीकडच्या उजव्या हाताला, आणि वाजवायला लागला. काय वाजवतोय हे त्याचं त्यालाही ठाऊक नव्हतं. तो भजनातून निघून भलतीकडंच गेला, हलगीपाशी थांबला, उड्या मारत परत समेवर आला. त्या कॅसेटवाल्या पियानोवाल्याला काय सापडलं होतं ते त्याला उंबरमाळच्या चावडीपुढं कळलं, आणि डोळ्यांतून पाणी यायला लागलं. अर्धं पाणी जनरेटरच्या धुराचं होतं, पण अर्धं खरं होतं.

तासाभराची मिरवणूक तीन तास चालली. साहेब नाचले! बयाबाई नाचल्या!

मग धार काढली. गंगीनं नेहमीपेक्षा दोन लिटर दूध जादा दिलं. आण्णा पाटलांनी माईकवरून जाहीर केलं, "ह्ये समदं ह्या पावण्यांच्या जाझचं काम हाय!" महांतेशला वाटलं, कला जिंकली.

कला कुठली जिंकतेय! पुढच्या आठवड्यात दुकानात तीन गावचे चेरमन येऊन बसले, आणि तिघांनी एकच प्रश्न विचारला, "गाईला बी लागू पडतंय काय?" अण्णाप्पांनी त्यांना चहा पाजला, मुलाकडं बघितलं आणि म्हणाले, "जा बाबा. तू मोकळा."

त्या वर्षी महांतेशनं सतरा दूध संस्थांत जाझ वाजवला. केरबा कायमचा ग्रुपमध्ये आला. बिद्रीपासून सीमाभागापर्यंत त्यांचं नाव झालं. २००१ साली हलगी, भजन आणि पियानोची कॅसेट निघाली, आणि ती म्हशी नसलेल्या माणसांनीही विकत घेतली! महांतेशनं नवा कोट शिवला. मुलाखतीत तो 'संगीताचा संगम' वगैरे बोलायला लागला. उंबरमाळचं नाव मात्र कटाक्षानं टाळायचा.

आणि २००३ च्या दिवाळीत पुण्याच्या एका मोठ्या संगीत महोत्सवातून फोन आला. पलीकडची बाई अत्यंत शुद्ध बोलत होती.

"आपलं संगीत आम्हाला फारच मौलिक वाटतं. आपल्याला सांगतेचा मान द्यायचा आहे."

महांतेश कोटाचं बटण लावून उभा राहिला. घरात असूनही.

"फक्त एक विचारायचं होतं," बाई जरा अडखळली. "आपल्या मूळ संचात एक म्हैस असते असं ऐकलं. ती आपण आणणार, की आम्ही व्यवस्था करायची?"

रिसीव्हरला कान लावून उभ्या शिवलीलानं पदर तोंडात कोंबला. पाच वर्षांची साधना, नवा कोट, संगीताचा संगम, सगळं महांतेशच्या डोळ्यांपुढून गेलं. मग घसा खाकरून त्यानं शक्य तितक्या भारदस्त आवाजात विचारलं,

"स्टेजला चढायला उतार हाय काय?"